काळी माती, पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि घाट : आपल्या भागात टायर, चाके आणि गाडीचे साहित्य कसे निवडावे?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यात शिक्षक आहे आणि शाळेसाठी रोज जाऊन-येऊन ५६ किलोमीटर मोटारसायकल चालवतो. त्यातला अर्धा रस्ता डांबरी, काही भाग खडीचा आणि शेवटचे दोन किलोमीटर निव्वळ काळ्या मातीचा गाडरस्ता आहे. गाडी शंभर सीसीची असून तिला मॅकव्हील (तारांऐवजी ओतीव धातूची चाके) आणि ट्यूबलेस टायर आहेत. दोन्ही चाकांचे माप ८०/१००-१८ आहे. मागचा टायर आता मधोमध सपाट झाला असल्याने बदलणे भाग आहे.

धागा काढण्याचे कारण मात्र वेगळेच आहे. २०२४ मध्ये मी पुढचा टायर बदलला होता. दुकानदाराने कागदात गुंडाळलेला, काळाभोर चकचकीत टायर काढून दिला आणि मी निर्धास्तपणे घरी आलो. आठ महिन्यांत त्याच्या कडेला केसासारखे बारीक तडे दिसू लागले. गावातल्या पंक्चरवाल्या आबांना दाखवले, तेव्हा त्यांनी टायरच्या कडेवरची माती अंगठ्याने पुसली, लंबगोलात कोरलेले २७१८ हे चार आकडे मला वाचायला लावले आणि म्हणाले, "टायर नवा शे भो, पन रबर जुना शे." म्हणजे २०१८ सालच्या सत्ताविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर मी सहा वर्षांनी नवा म्हणून विकत घेतला होता. तो तसाच दामटत न बसता मी लगेच बदलला, पण तेव्हापासून दुकानात जायचे म्हटले की मनात धाकधूक असते.

त्यात आता पुतण्याचा आग्रह आहे की मागे १००/९०-१८ हा जाड टायर घालावा, म्हणजे गाडी भारदस्त दिसते. त्याच्या यादीत रुंद लेगगार्ड, जादा एलईडी दिवे आणि साडीगार्ड काढून टाकणे हेही आहे. माझ्यासारख्या रोज गाडी वापरणाऱ्याने यातले काय घ्यावे आणि काय टाळावे, हे आपल्याच भागात गाडी चालवणाऱ्यांकडून समजून घ्यावे, असे वाटते.

पांझराकर

सर, मी धुळ्यात टायरच्या धंद्यात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे आधी धंद्याची बाजू सांगतो. सहा वर्षांचा टायर विकणारा प्रत्येक दुकानदार लबाडच असतो असे नाही, कारण पुष्कळदा मागे पडलेला माल त्याच्याही लक्षात नसतो. पण आपल्याकडे गोदाम म्हणजे पत्र्याचे छप्पर असते आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय भट्टी पेटते ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा जागी पडून असलेले रबर न वापरताच कडक होते. म्हणून तारीख पाहिल्याशिवाय टायर चढवू देऊ नये. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. सहा-आठ महिन्यांचा टायर असेल तर खुशाल घ्यावा. वर्षापलीकडचा असेल तर दुसरा मागावा आणि दोन वर्षांपलीकडचा असेल तर दुकान बदलावे.

बाकीचे टायरच्या कडेवरच लिहिलेले असते, फक्त कोणी वाचत नाही. ८०/१००-१८ यातला ८० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, १०० म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची आणि १८ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. त्यापुढे ४७पी किंवा ५४पी असे काही असते. हा आकडा किलो नाही, ती एक खूण आहे. ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. एकाच मापाचे टायर पुढचे आणि मागचे म्हणून वेगवेगळ्या भारक्षमतेत मिळतात. पुढचा स्वस्त पडतो म्हणून तोच मागे चढवून देणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. आयएसआयची खूण आणि फिरण्याच्या दिशेचा बाणही पाहून घ्यावा. बाण उलटा बसला तर पावसात नक्षीतून पाणी जसे बाहेर फेकले जायला हवे तसे फेकले जात नाही.

आता पुतण्याच्या १००/९० चा हिशेब करू. तुमच्या टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६१७ मिलिमीटर आणि त्याच्या टायरचा ६३७ भरतो. म्हणजे चाकाचा घेर तीन टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. शंभर सीसीच्या इंजिनाला हे तीन टक्के चढावर जाणवतात आणि जाड टायरचे जादा वजन वेगळेच. शिवाय अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि पाठ फुगते, त्यामुळे तो दिसतो रुंद, पण जमिनीला टेकतो तेवढाच किंवा त्याहूनही कमी.

रावेरची_केळी

पांझराकर दादांनी गणित सांगितले, मी त्याचा चिखल सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मीही हौसेने पुढे-मागे एक-एक माप वाढवून टायर घातले होते. उन्हाळाभर गाडी छान दिसली. आषाढात बागेतून निघालो, तर तीनशे पावलांवर पुढचे चाक फिरेनासे झाले. आपली काळी माती ओली झाली की टायरला पोळीच्या कणकेसारखी चिकटते, प्रत्येक फेऱ्याबरोबर तिचा थर वाढतो आणि टायर व मडगार्ड यांच्यामधली जागा भरली की चाक ब्रेक लावल्यासारखे जखडते. मूळ टायर असता तर तो थर मडगार्डच्या कडेला घासून थोडा तरी पडत राहिला असता. मी मात्र तीच जागा दोन्ही बाजूंनी आधीच खाऊन टाकली होती. विळ्याच्या टोकाने माती कोरत, दहा पावले ढकलत आणि पुन्हा कोरत मी अर्ध्या किलोमीटरला पाऊण तास घालवला. क्लच जळाला तो वेगळा.

त्यामुळे शेतात गाडी नेणाऱ्याने टायर घेताना मडगार्डच्या आत बोट घालून पाहावे. माझ्या अनुभवाने आत आडवे बोट सहज फिरत नसेल, तर ती गाडी पावसाळ्यात काळ्या रानात नेण्याच्या कामाची नाही. इकडे काहीजण चार महिने पुढचे मडगार्ड एका वॉशरने वर उचलून बसवतात. ते दिसायला बरे नसते, पण चालते.

गिरणाकाठ

रावेरचे भाऊ, हे वाचून माझा अर्धा निर्णय झाला. गेल्या श्रावणात माझीही गाडी गाडरस्त्यावर अशीच अडली होती आणि तीही मूळ मापाच्या टायरवर. मग जाड टायरने काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. बटणाचे टायर घातले तर चिखलात फरक पडतो का?

सातपुडा_भटका

फरक पडतो, पण किंमत मोजावी लागते. मी तोरणमाळ आणि तळोदा–धडगाव वाटेवरचा चांदसैली घाट दर पावसाळ्यात करतो, त्यामुळे दोन्ही प्रकार वापरून झाले आहेत. पूर्ण बटणाचा टायर चिखलातून माती झटकत जातो, कारण दोन बटणांमधली जागा मोठी असते. तोच टायर ओल्या डांबरी वळणावर मात्र भरवशाचा राहत नाही, कारण रस्त्याला टेकणारे रबरच कमी असते, शिवाय तो घुमतो आणि लवकर झिजतो. सरांच्या ५६ किलोमीटरपैकी चिखल जेमतेम चार किलोमीटर आणि तोही वर्षातले तीन महिने आहे. एवढ्यासाठी बाकीच्या बावन्न किलोमीटरची पकड सोडू नये. मधल्या प्रकारचे, म्हणजे खोल आणि रुंद खाचांच्या ठोकळेदार नक्षीचे टायर मिळतात, तसा एक मागे पुरेसा आहे. पुढे मात्र रस्त्याचाच टायर असू द्यावा, कारण ओल्या वळणावर मागचे चाक घसरले तर माणूस कदाचित सावरतो, पुढचे घसरले की तो थेट खाली येतो.

चाकांबद्दलही दोन शब्द. मॅकव्हील हे ओतीव असते, तारांचे चाक लवचिक असते. मोठ्या दगडावर आपटले तर तारांच्या चाकाची एखाद-दुसरी तार तुटते किंवा रिम थोडी वाकते, आणि तालुक्याच्या गावात ती सरळ करणारा माणूस अजून मिळतो. ओतीव चाकाला तडा गेला तर ते बदलावेच लागते. ते वेल्ड करून देणारे भेटतील, पण त्यांच्या भरवशावर घाट उतरू नये. उलट बाजूने पाहता, तारांच्या नेहमीच्या चाकात प्रत्येक तारेपाशी रिमला भोक असते, त्यामुळे तिथे ट्यूब लागतेच, आणि ट्यूबला काटा लागला की हवा एका दमात जाते. ट्यूबलेसमध्ये तोच काटा रुतून बसतो आणि माणूस घरी पोहोचतो. सरांची रोजची वाट पाहता त्यांनी आहे ते मॅकव्हील ठेवावे.

तापीकाठची

मी परिचारिका असून स्कूटरवर सहा गावे फिरते, त्यामुळे दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली स्कूटरच्या चाकांची. माझ्या गाडीला पुढे ९०/९०-१२ आणि मागे ९०/१००-१० टायर आहेत. मागचे चाक बाहेरून मोजले तरी जेमतेम ४३ सेंटिमीटर भरते. मोटारसायकलचे मोठे चाक ज्या खड्ड्यावरून तरंगत जाते, त्यात हे लहान चाक पूर्ण उतरते आणि पत्र्याच्या रिमची कड दबते. कड दबली की ट्यूबलेस टायरमधून हवा रोज थोडी-थोडी जाते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. माझे असे तीन आठवडे गेले. शेवटी एका मुलाने चाक पाण्याच्या टाकीत बुडवले, तेव्हा बुडबुडे टायरमधून न येता रिमच्या कडेने आले.

दुसरी गोष्ट साडीगार्डची. सर, ते काढू नका. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण, मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ आणि पाय ठेवायची जागा या गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलेल्या आहेत. लग्नसराईत दवाखान्यात काय काय येते ते मी पाहते. पदर, ओढणी, उपरणे यांना चाक ओळखत नाही. पुतण्याला हवे तर त्याच्या गाडीचे काढताना मला बोलवा, मी येऊन दोन शब्द सांगेन.

नंदनगरीचा

सर्वांचा मान राखून थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या दीडशे सीसीच्या गाडीवर मी एक माप रुंद टायर गेली तीन वर्षे वापरतो आहे आणि नंदुरबार–नवापूर रस्त्यावर मला काहीही त्रास नाही. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला जे माप दिले आहे तेच मी घेतले आणि रिमही तीच आहे. सरसकट सगळ्या रुंद टायरांना नावे ठेवणे मला पटत नाही.

पांझराकर

नंदनगरीचे भाऊ, तुम्ही जे केले ते बरोबरच आहे आणि त्याला मी विरोध केलेला नाही. कंपनीने स्वतः त्या चौकटीला, त्या रिमला मंजूर केलेले माप ही एक गोष्ट झाली, आणि रिम तीच ठेवून दोन मापे वर चढणे ही दुसरी. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जखडू न देणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांत तर आणखी एक पेच असतो. दोन्ही चाकांवरच्या दातेरी कड्यांवरून यंत्रणा त्यांचा वेग मोजते आणि त्यावरून चाक घसरते आहे का ते ठरवते. एकाच चाकाचा घेर बदलला तर तिच्या हिशेबात कायमची चूक शिरते. १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, तेव्हा हा प्रश्न आता पुष्कळांचा आहे.

आता ज्या विषयावर आपल्या भागात सर्वांत जास्त गैरसमज आहे त्याकडे वळतो, तो म्हणजे हवा. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरातले वडीलधारे सांगतात, "ऊन फार आहे, टायर फुटेल, हवा थोडी कमी ठेव." हा सल्ला मायेचा असला तरी उलटा आहे. टायर तापतो तो केवळ उन्हाने नाही. फिरताना त्याची कड सतत दबते आणि सरळ होते, त्या घडीतून उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर कड जास्त दबते, जास्त तापते आणि आतले धागे सुटू लागतात. महामार्गावर भर दुपारी फुटलेले टायर नीट पाहिले, तर पुष्कळदा कडेला गोल फिरलेली दबल्याची खूण दिसते, आणि ती कमी हवेची असते.

हवा भरताना कंपनीने सांगितलेला आकडा गार टायरचा असतो. समजा सकाळी २७ अंशांना २८ पौंड हवा भरली आणि दुपारी टायरच्या आतली हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर दाब साधारण ३४ पौंडांवर जातो. ही वाढ कंपनीने धरलेलीच असते. दुपारी पंपावर तो ३४ चा आकडा पाहून जो माणूस हवा सोडून २८ करतो, त्याच्या टायरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी २२-२३ च उरते. म्हणून हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालली नसताना पाहावी, आणि मागे बसणारा रोजचा असेल तर चेनकव्हरजवळच्या किंवा पुस्तकातल्या दोघांच्या आकड्याप्रमाणे भरावी. हाताच्या बोटाएवढे दाबमापक स्वतःजवळ ठेवावे. मला विचाराल तर साहित्याच्या यादीत पहिला नंबर त्याचाच लागतो.

नायट्रोजनचे विचारतील म्हणून सांगून ठेवतो की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरून घ्यावा.

दूधवाला_पारोळा

आमच्या धंद्यातल्यांसाठी एक हिशेब. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की दूधच ८२ किलोंच्या आसपास होते, आणि कॅन व अडकवायची लोखंडी चौकट धरली की शंभरी गाठतेच. हे सगळे वजन मागच्या चाकावर येते. त्यावर गाडीचे मागचे साठेक किलो आणि माणसाचा बहुतेक भार धरला तर ५४ खुणेच्या टायरची २१२ किलोंची मर्यादा संपलेली असते, आणि तीही सपाट रस्त्यावर. खड्ड्यात आदळल्यावर काय होत असेल ते देव जाणे. मी आता एका फेरीऐवजी दोन फेऱ्या करतो. पेट्रोल जास्त जाते, पण मागची चार वर्षे वर्षाला दोन टायर लागायचे, ते एकावर आले.

आमच्या वाटेवर दुसरा शत्रू पऱ्हाटीचा आहे. कापूस उपटण्याऐवजी विळ्याने तिरका कापला की उरलेला खुंट सुळ्यासारखा उभा राहतो. वेड्या बाभळीचा काटा नक्षीत रुततो आणि वातीने (भोकात ठासायच्या चिकट रबरी दोरीने) पंक्चर निघते, पण हा खुंट टायरच्या कडेत घुसतो आणि कडेचे पंक्चर वातीने टिकत नाही. तेव्हा टायरमध्ये घालायचे चिकट द्रव घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्याचा उपयोग फक्त नक्षीतल्या बारीक भोकांना होतो.

गिरणाकाठ

घरच्या चारचाकीचाही प्रश्न याच धाग्यात विचारतो. तिला १६५/८० आर १४ टायर आणि लोखंडी डिस्क (साधी पत्र्याची चाके) आहेत. बाजारातले १५ इंची मॅकव्हील घालण्यात अर्थ आहे का?

पांझराकर

त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येत असेल तर माप बसते, कारण दोन्हींच्या बाहेरच्या व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक आहे. वळणावर पकड थोडी सुधारते, पण टायरच्या कडेची उंची १३२ वरून १२० मिलिमीटरवर येते, म्हणजे खड्ड्याचा धक्का सोसायला रबर कमी उरते. तुमची गाडी गावाकडच्या रस्त्यावर जास्त असेल तर १४ इंचीच बरी. मॅकव्हील घ्यायचेच असेल, तर नुसते चार बोल्ट जुळले म्हणून घेऊ नये. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मधले भोक हबवर (चाक ज्यावर बसवतात त्या फिरणाऱ्या भागावर) घट्ट बसते का, आणि चाक हबपासून किती आत किंवा बाहेर बसते, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. चाक बाहेर आले की ते ऐटदार दिसते खरे, पण बेअरिंगवरचा भार वाढतो आणि पूर्ण भरलेल्या गाडीत टायर मडगार्डला घासतो.

भुसावळचा_वकील

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चारचाकीच्या पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याचे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. अशा गार्डमुळे धडकेचा धक्का थेट चौकटीत जातो आणि एअरबॅगच्या संवेदकांचा अंदाज चुकू शकतो. मोटारसायकलच्या लेगगार्डचा प्रश्न त्यापेक्षा वेगळा आहे, ते जरूर लावावे.

रावेरची_केळी

लेगगार्ड लावा, पण बारीक लावा. रुंद गार्ड केळीच्या दोन ओळींमध्ये अडकते आणि ठिबकच्या नळ्या ओढत नेते, हे मी बोलत नाही, माझ्या शेजाऱ्याची बाग बोलते. जादा दिवे लावायचेच असतील तर स्वतंत्र रिले आणि फ्यूज टाकून लावावेत, आणि समोरच्या बैलगाडीवाल्याचे डोळे दिपणार नाहीत इतके खाली वळवावेत.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल मागचा टायर बदलला. माप ८०/१००-१८ हेच ठेवले, खूण ५४पी पाहिली आणि ठोकळेदार नक्षीचा घेतला. दुकानदाराने काढलेल्या पहिल्या टायरवर दीड वर्षापूर्वीची तारीख होती, म्हणून तो परत दिला. दुसरा चार महिन्यांपूर्वीचा निघाला. वॉल्व्हही नवा बसवून घेतला. साडीगार्ड जागेवर आहे. लेगगार्ड बारीक घेतले आणि दिवे रद्द केले. माझे आजोबा सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना आधी त्याचे खूर उचलून पाहायचे, दागिने शेवटी पाहायचे. ही आठवण मी पुतण्याला सांगितली, पण त्याच्या चेहऱ्यावरून ती त्याला पटलेली दिसली नाही.

एक प्रश्न उरला आहे. नवा टायर पहिल्या दिवशी वळणावर किंचित सरकल्यासारखा वाटला. तो सदोष तर नाही ना?

पांझराकर

सदोष नाही. साच्यातून निघालेल्या टायरची पाठ गुळगुळीत असते. पहिले दीडशे किलोमीटर गाडी फार न झुकवता आणि जोरात ब्रेक न मारता चालवा, म्हणजे तीन दिवस. तेवढ्यात ती खरखरीत होईल. दुकानदाराने टायरला चकाकी आणणारे काळे द्रव लावले असेल तर ते साबणाच्या पाण्याने आजच धुऊन काढा.